डावीकडचं शून्य

१

लग्न होऊन मौनी या घरात आली, तेव्हा घरात बोलायचं कोणी हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच निकालात निघाला. मौनी बोलत नसे, सासूबाई मोजकं बोलत, आणि नवरा दोघींच्या वाटचं बोलून कामावर निघून जाई. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि राहायचा चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावरचे सगळे विनोद त्यानं स्वतःच करून संपवले होते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला त्यातही तोंड घालायला जागा नव्हती.

मौनी हे तिचं ऑफिसातलं टोपणनाव. ते नवऱ्याच्या कानावर गेलं आणि घरीही रूढ झालं. सासूबाई मात्र तिला 'अगं' म्हणत. त्या एका 'अगं'चे त्यांच्याकडे पुष्कळ प्रकार होते. चहा झालाय, दूध उतू जातंय, दमलीस का, सगळं त्यात बसे.

सकाळी नवरा गेला की दोघी गॅलरीतल्या वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत. चादरीचं एक बरं असतं, ती मध्ये ताणून धरली की पलीकडच्याचं तोंड दिसत नाही. सासूबाईंना जे काही सांगायचं असे ते त्या चादरीआडून सांगत.

"ह्याच्या आधी मला एक झाली होती," असंच एकदा त्या म्हणाल्या. "मुलगी."

मौनी कोपरा धरून उभी राहिली.

"सकाळी झाली, दिवेलागणीला गेली. मला दाखवलीच नाही कोणी. म्हणाले, बघू नका, लळा लागेल." चादर अर्धी झाली, मग पाव झाली. "न बघता लागत नाही जसा काही."

मग दोघींची बोटं एकमेकींना लागली, सासूबाईंनी घडी घेतली आणि विषयही तिच्यात घालून कपाटात ठेवून दिला.

२

मौनीच्या ऑफिसाला त्या दिवसांत एका जुन्या इस्पितळाचं काम मिळालं होतं. सासूबाईंची बाळंतपणं तिथंच झाली होती. तिथल्या रुग्णांच्या नोंदी जुन्या संगणकातून काढून नव्यात भरायच्या होत्या. काम कंटाळवाणं, म्हणजे मौनीच्या आवडीचं.

त्या इस्पितळाची एक रीत होती. बाई बाळंतपणाला आली की तिला क्रमांक मिळे. बाळ झालं की त्याला लगेच नाव कुठून असणार? म्हणून त्याला आईचाच क्रमांक देत, फक्त आधी एक शून्य टाकत. बाळ आईबरोबर घरी निघालं की त्याला स्वतःचा नवा क्रमांक मिळे आणि ते शून्य संपे. जी बाळं घरी गेली नाहीत, त्यांचं शून्य तसंच राहिलं.

मौनीनं हे वाचलं आणि उठून पाणी पिऊन आली.

"सर, क्रमांकाचा रकाना मी मजकुराचा ठेवतेय," परत येऊन ती टीमच्या प्रमुखाला म्हणाली. त्याला सगळे समोर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'शॉर्टकट'.

"मजकुराचा? अगं, क्रमांक आहे तो! क्रमांक म्हणजे आकडा, आणि आकड्याला आकड्याचा रकाना. जागा कमी, शोधायला झटपट. शाळेत गेली होतीस ना?"

"पण आकड्याच्या रकान्यात डावीकडचं शून्य उडतं."

"उडू दे की! डावीकडच्या शून्याला किंमत असते का? माझ्या पगाराच्या डावीकडे हवी तेवढी शून्यं लाव, बघू माझी बायको खूश होते का."

सगळे हसले. मौनीही हसली, कारण विनोद बरा होता. ज्याची कधी बेरीज करायची नसते तो आकडा नसतोच, ते नाव असतं, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तोंडापर्यंत आलेलं गिळायची तिला जन्माची सवय. तिनं रकाना आकड्याचा केला.

एकच क्रमांक दोन नोंदींना आला तर काय करायचं, याचा नियम शॉर्टकटनं आधीच घालून ठेवला होता. माणूस एकच समजायचं. दोन्ही नोंदी एकीत मिसळायच्या, आणि एकीतले रिकामे रकाने दुसरीतून भरायचे.

आठवडा संपता संपता सगळं नव्या संगणकात चढलं. शॉर्टकटनं सगळ्यांना चहा पाजला.

३

चहाचे कप अजून टेबलावरच होते, तेवढ्यात इस्पितळातून फोन आला. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई होत्या. आवाज खणखणीत, हसणं त्याहून खणखणीत.

"अगं ए मुली, तुमचा संगणक माणसं मारायला लागलाय! एक आजी आल्या रक्तदाबाच्या गोळ्यांना. क्रमांक घातला तर पुढे 'मृत' म्हणून येतंय. वजन विचारशील तर एक किलो आठशे! मी म्हटलं, आजी, तुम्ही केव्हाच गेलात की, मग गोळ्या कशाला? त्यापण हसल्या बिचाऱ्या."

"मी बघते," मौनी म्हणाली.

"बघ." बाईंनी फोन मात्र ठेवला नाही. पुढचं बोलल्या तेव्हा आवाज खाली आला होता. "हसल्या, मग बाकावर बसल्या. आणि त्यांची मान पडली गं."

"चक्कर आली?"

"चक्कर नाही. शुद्धीत आहेत, डोळे उघडे आहेत. मान धरली की राहते, सोडली की पडते. मी बाळंतिणींच्या वॉर्डात निम्मं आयुष्य काढलंय. अशी मान कोणाची असते, ते मला नको सांगायला कोणी."

मौनीनं त्या आजींची नोंद उघडली. काय झालंय ते कळायला क्षणही लागला नाही. शून्य उडालं होतं, बाळ आईच्या क्रमांकावर आलं होतं, आणि नियमानं दोघांना एक केलं होतं. आई जिवंत, म्हणून तिचा शेवटचा, मृत्यूचा रकाना रिकामा. तो बाळाच्या नोंदीतून भरला गेला होता.

"चूक आहे, मान्य," शॉर्टकट कोट चढवत म्हणाला. "सुट्टीनंतर दुरुस्त करू. आणि आजींच्या मानेचा आपल्या रकान्याशी काय संबंध? म्हाताऱ्या माणसांच्या माना पडतातच."

हे पटण्यासारखं होतं. मौनीनं ते स्वतःला पटवून दिलं, बसमध्ये एकदा आणि चार जिने चढताना प्रत्येक मजल्यावर एकदा.

४

दुसऱ्या दिवशी सुट्टी. नवरा उजाडायच्या आतच गेला होता. कुठल्याशा उंच इमारतीतली लिफ्ट अडकली होती. लिफ्टच्या विहिरीत उतरला की त्याचा फोन लागत नसे.

मौनी उठली तेव्हा स्वयंपाकघर थंड होतं. ओटा कोरडा. चहाचं भांडं पालथंच.

सासूबाई पलंगावर उताण्या पडल्या होत्या. हात खांद्यांपाशी वर, मुठी मिटलेल्या, आणि अंगठे मुठींच्या आत.

"आई?"

त्यांनी डोळे फिरवले. नजर मौनीच्या तोंडापर्यंत आली, पण डोळ्यांवर थांबली नाही. थोडी वर गेली आणि कपाळ संपून केस सुरू होतात त्या रेषेवर जाऊन अडकली. मौनीला ती नजर ओळखीची होती. बहिणीला बाळ झालं तेव्हा ते तिच्याकडे असंच बघायचं. बहीण म्हणाली होती, त्यांना अजून चेहरा कळत नाही गं, फक्त काळं आणि गोरं जिथं मिळतं तेवढं दिसतं.

'पक्षाघात,' मौनीनं मनाला बजावलं. शब्द भयंकर होता, पण माणसाच्या जगातला होता. ती दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलवायला अनवाणीच धावली.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला, हातपाय हलवून पाहिले. मग तळव्यावरून पेनाचं टोक फिरवलं. पायाची बोटं आत वळायची ती पंख्यासारखी पसरली. त्यांनी सहज म्हणून आपलं बोट सासूबाईंच्या मुठीत सारलं, आणि मूठ त्याच्यावर मिटली. ते सोडवायला त्यांना दुसरा हात लावावा लागला.

"इस्पितळात न्यायला हवं," म्हणत त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिले.

"गाडी नाही. सगळ्या बाहेर आहेत." ते फोनकडेच बघत होते. "सकाळपासून नुसत्या बायका, म्हणे. सगळ्या वयस्कर."

ते दुसऱ्या गाडीची सोय बघायला खाली गेले. मौनी पाणी गरम करायला स्वयंपाकघरात आली. मनात एकेक तर्क मांडत होती: साथ असेल, पाण्यातून काही गेलं असेल, वर्तमानपत्रात येईलच. तेवढ्यात मागून खोलीतून शिंक ऐकू आली. लगेच दुसरी.

सासूबाईंची शिंक साऱ्या मजल्याला माहीत होती. नवरा तिला तोफ म्हणायचा. ही शिंक इवलीशी होती. ती छाती तिला फार मोठी पडत होती.

५

मौनीनं लॅपटॉप पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि सासूबाईंची नोंद उघडली. तोवर तिनं ती उघडली नव्हती. का उघडली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एकच ओळ होती. नाव सासूबाईंचं, जन्म सासूबाईंचा. त्याच्यापुढे एका बाळाचं वजन, एका बाळाची उंची. शेवटच्या रकान्यात कुणा नर्सनं कधी काळी लिहिलेले दोन शब्द आता सासूबाईंचे झाले होते: मृत, दिवेलागणीस.

खिडकीतून ऊन पलंगाच्या पायावर आलं होतं. म्हणजे दुपार कलली होती, आणि डॉक्टरांना अजून गाडी मिळाली नव्हती.

तिनं शॉर्टकटला फोन लावला.

"सर, मला आत्ता रकाना बदलायचाय. मजकुराचा करून जुन्या प्रतीतून सगळं पुन्हा चढवते."

"आज? अगं, इस्पितळाची परवानगी, चाचणी... आणि मी गडबडीत आहे जरा. आईला बरं नाही."

"काय होतंय?"

"काही नाही. सकाळपासून नुसती पडून आहे. बोलत नाही. मुठी आवळून..."

"अंगठे आत आहेत?"

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, तुमच्या आधी तुम्हाला कोणी भावंड होतं?"

"आमच्यात हे कोणाला माहीत नाही," तो म्हणाला. विनोद करणाऱ्या माणसाचा आवाज विनोद काढून घेतल्यावर कसा लागतो, ते तिनं पहिल्यांदा ऐकलं. "मलाही माहीत नसल्यासारखं मी वागतो. तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. नोंदींत दिसतंय."

"कर," तो म्हणाला. "मी फोन चालूच ठेवतो. लवकर कर गं बाई."

तिनं रकान्याचा प्रकार बदलला. आकडा काढला, मजकूर केला. मिसळण्याचा नियम पुसला. फक्त एक कळ दाबायची उरली, तेव्हा तिच्या मनगटावर हात पडला.

६

"अगं," सासूबाई म्हणाल्या.

हा 'अगं' आजवरच्या कुठल्याच प्रकारातला नव्हता. मान उशीवर एका अंगाला पडलेली, पण डोळे आता बरोबर मौनीच्या डोळ्यांत होते.

"नको काढूस तिला."

मौनीनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. रकाने, शून्य, यातलं या घरात कोणाला काही ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला बरं नाही आई. ताप असेल. गाडी येतेय."

"मला भूक लागलीय," सासूबाई म्हणाल्या. "माझी नव्हे. तिची." त्यांनी ओठ ओले केले. "कळतंय मला. थंडी वाजली की कळतं. उजेड डोळ्यांवर येतो तोही कळतो. मला दाखवली नव्हती त्यांनी, आणि आता बघ, मधे काहीच नाही."

"दिवे लागले की..." मौनीला वाक्य पुरं करता येईना.

"माहीत आहे. मागच्या वेळी एकटी गेली ती. कुठल्या तरी टेबलावर, फडक्यात. मी चार भिंती पलीकडे होते, आणि मला पेज भरवत होते." त्यांची बोटं मनगटावर घट्ट झाली. ती पकड मोठ्या माणसाची नव्हती. धरायचं म्हणून नव्हे, सोडता येत नाही म्हणून धरलेली पकड होती. "ह्या वेळी बरोबर जाऊ दे मला. बरोबर गेलं की भीती वाटत नाही लहान जिवाला."

"आणि इथलं?" मौनीचा आवाज फुटला. आयुष्यात ती कोणावर ओरडली नव्हती; आता ओरडली. "तो संध्याकाळी जिने चढून येईल, त्याला मी काय सांगू? मला काय सांगाल? मी आत्ता कुठं आलेय या घरात!"

सासूबाई काहीतरी म्हणणार होत्या. पण त्यांचे डोळे पुन्हा निसटले आणि मौनीच्या केसांच्या रेषेवर जाऊन थांबले. ओठ चोखल्यासारखे हलू लागले, उशीच्या टोकाकडे वळून काहीतरी शोधू लागले.

मौनीनं त्यांची बोटं एकेक करून मनगटावरून सोडवली. फार वेळ लागला. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली.

मग तिनं कळ दाबली.

७

पडद्यावर हिरवी पट्टी रांगू लागली. नोंदी क्रमानं सुटत होत्या, आणि सासूबाईंचा क्रमांक बराच मागे होता. ऊन पलंगावरून उतरलं, जमिनीवर आलं, दाराकडे निघालं. समोरच्या इमारतीच्या काचा तांबूस झाल्या. मौनी एकदा पट्टीकडे बघे, एकदा त्या वरखाली होणाऱ्या छातीकडे. श्वास आता उथळ, भराभर पडत होते, चिमणीसारखे. मधेच थांबत. मौनीही मग श्वास घेत नसे.

तेवढ्यात स्टुलावरच्या फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचं रडणं आलं. मोठ्यानं नव्हे. आत्ताच कोणी येऊन कानात सांगून गेलं असावं, तसं. त्यावर शॉर्टकटचा आवाज, "आई, अगं आई, मी आहे ना, मी आहे," आणि मग त्यालाच पुढे बोलवेना.

मग समोरच्या इमारतीत कोणीतरी रडलं. मग खालच्या गल्लीत. मग लांब, बसथांब्याच्या बाजूला. एकेक करून, क्रमानं, जवळ येत.

खोलीत श्वासांचे आवाज दोन झाले.

मौनीला मान वर करायची नव्हती. तिनं केली. सासूबाईंच्या डाव्या कोपराच्या खळग्यात पांघरूण उचललेलं होतं, आत एखादं मांजर शिरावं तेवढंच. कडेशी एक डोकं होतं. मागून दिसत होतं. काळे केस मानेवर ओले चिकटलेले, आणि टाळूवर कातडीखाली काहीतरी लपलप हलत होतं. ते वळत होतं. फार हळू, मान न धरणाऱ्या जिवाला जमेल तसं, ते तोंड आईकडे वळवत होतं.

सासूबाईंची मान अजून दुसऱ्या अंगाला पडलेली होती. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, जबडा थरथरला. त्याही वळत होत्या. दोन्ही डोकी एकमेकींकडे वळत होती, आणि दोघींनाही ते नुकतंच येऊ लागलं होतं.

सासूबाई पुऱ्या वळल्या तेव्हा तिथं पांघरूण होतं. सपाट.

खोलीत एकच श्वास उरला, लांब, जाणत्या माणसाचा. सासूबाई कोपरावर जोर देऊन उठून बसल्या. मान ताठ. अंगठे मुठींच्या बाहेर. त्यांनी पांघरुणाकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मौनी शिव्यांची वाट बघत राहिली. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुला दिसली," सासूबाई म्हणाल्या.

मौनीनं मान हलवली.

"कशी होती?"

"तोंड नाही दिसलं आई. मागून दिसली. केस होते. पुष्कळ. काळे. ओले."

"ओले?"

"हो. मानेला चिकटलेले."

खाली कोणीतरी रडत होतं, वर कोणीतरी रडत होतं. बाहेर रस्त्यावरचे दिवे एकदम लागले आणि त्यांचा पिवळा उजेड छतावर पडला.

"म्हणजे पुसलंसुद्धा नव्हतं तिला कोणी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी उजव्या हातानं डाव्या कोपराचा खळगा पुसायला सुरुवात केली. तळव्यानं, हलक्या हातानं, एकाच दिशेनं.

मौनी दिवा लावायला उठली नाही.